मदत हवी आहे: आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर, काडतुसं मिळत नाहीत. .४५ ऑटो काडतुसांसाठी बदलून घ्यावं का?

आमचं घर देवगड तालुक्यात. आजोबा पलटणीत सुभेदार-मेजर होते, त्यांचं वेब्ली मार्क सहा घरात आहे. .४५५ बोअरचं (म्हणजे नळीचं माप), सहा बारी, मधून मोडून उघडायचं. परवाना आता बाबांच्या नावावर. बाबा ७६ वर्षांचे. बाकी बंदुका म्हणाल तर वाडीत शेतीसंरक्षणाच्या एक-दोन ठासणीच्या, माकडं-डुकरांसाठी.

काडतुसं उरलीत पाच. पितळेवर हिरवी पुटं चढलीत. खारा वारा, दुसरं काय. (मध्ये आईने रिव्हॉल्व्हरला खोबरेल लावून ठेवलं होतं. ते चिकट होऊन बसलं, काढताना नाकी नऊ आले.) नवीन काडतुसं कुठेच मिळत नाहीत.

आता आत्येभाऊ एका कारागिराला घेऊन आला. तो म्हणतो, "सिलिंडर मागून जरा घासूक व्हयो, मग .४५ ऑटोची काडतुसा बसतत. अमेरिकेत सगळे करतत." बाबांनी हे ऐकल्यापासून माझ्यामागे भुणभुण लावली आहे. आजोबा दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की अंगणात एक बार काढायचे. बाबांना तो एकदा काढायचा आहे.

हे खरंच चालतं का? आणि कायद्यात बसतं का? कृपया माहीतगारांनीच सांगावं.

प्रतिसाद १

कारागीर अर्धं खरं सांगतोय. अमेरिकेत जुनी वेब्ली ढिगाने गेली आणि तिथे असं घासून विकलीही गेली. .४५ ऑटोच्या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते, कारण ते १९११ मॉडेलच्या पिस्तुलाच्या मॅगझिनसाठी बनलेलं. रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामी पुंगळी बाहेर ओढायला ती कडच लागते. म्हणून तीन-तीन काडतुसं धरणारी अर्धचंद्रासारखी पट्टी वापरतात, आणि तिला जागा व्हावी म्हणून सिलिंडर घासतात. पहिल्या महायुद्धात पिस्तुलं कमी पडली तेव्हा अमेरिकन सैन्याने हीच युक्ती केली, पण त्यासाठी कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनकडून १९१७ मॉडेलची रिव्हॉल्व्हरं मुळातच .४५ ऑटोसाठी बनवून घेतली. तुमचं तसं नाही.

उरलेलं अर्धं म्हणजे दाब, बार उडताना आतल्या वायूचा. .४५५ चा कमाल दाब चौरस इंचाला साधारण १३,००० पौंड, .४५ ऑटोचा २१,०००. शंभरीला टेकलेलं पोलाद, त्यात कोकणची हवा. घासलेली अशी वेब्ली फुटल्याची उदाहरणं आहेत. एक बार निभावला म्हणजे दुसरा निभावेल असं नसतं, तडा आत वाढत राहतो. आणि ती हिरवी काडतुसंही झाडू नका.

प्रतिसाद २

फुटण्याआधी बाबा आत जातील, ते बघा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा बदल करून द्यायला त्या माणसाकडे स्वतःचा परवाना लागतो. आत्येभावाच्या कारागिराकडे आहे? .४५५ ची कडवाली काडतुसं झाडू शकणारं रिव्हॉल्व्हर तसंही निषिद्ध बोअरमध्ये (सामान्य माणसाला सहसा परवाना मिळत नाही अशा मापात) मोडतं, हा विषय तालुक्याला नाही तर दिल्लीला, गृह मंत्रालयात जातो. बरं, .४५ ऑटोची काडतुसं तरी कुठून आणणार होतात? जो आणून देईल त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आणि दसऱ्याचा बार विसरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजोबांचा जमाना वेगळा होता.

खरं काम वेगळंच आहे. बाबा सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणजे ते हयात असतानाच वारस म्हणून तुम्हाला अर्ज करता येतो, २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. ते आधी करा. उद्या काही झालं तर बिनपरवान्याचं शस्त्र घरात राहील.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आत्येभावाला फोन करून नको म्हणून सांगितलं, तो जरा फुरंगटलाय. सोमवारी परवान्याचं पुस्तक घेऊन ओरोसला जिल्हा कार्यालयात जातोय, काडतुसांचंही तिथेच विचारतो.

बाबांना दाबाचे आकडे वाचून दाखवले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दसऱ्याक पूजेत ठेवूक तरी कायदो आडवो येणा नाय मां?"

प्रतिसाद २

नाही येत. फक्त रिकामं ठेवा, आणि खोबरेल नको.