घरच्या संगणकावर लोकल खाते ठेवावे की ऑनलाइन?

सांजतारा:

नमस्कार मंडळी. आमच्या घरात बरीच वर्षे विंडोज १० असलेला एकच संगणक होता आणि त्यावर एक साधे लोकल, म्हणजे त्या संगणकापुरतेच, खाते होते. नाव आणि पासवर्ड टाकला की काम सुरू, त्यामुळे खात्याचा विचार करण्याची वेळ कधी आलीच नाही. आता विंडोज ११ होम असलेला नवा संगणक घेतला आहे. पहिल्यांदा सुरू करताना त्याने इंटरनेट आणि ईमेल मागितला आणि मायक्रोसॉफ्ट खाते, म्हणजेच ऑनलाइन खाते, दिल्याशिवाय तो पुढे सरकेना, म्हणून मी माझ्या ईमेलने खाते जोडले. नंतर पाहिले तर सी ड्राइव्हमधील माझ्या फोल्डरला माझे नाव नसून ईमेलची पहिली पाच अक्षरे तेवढी दिली होती, आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलींवर ढगाचे छोटे चिन्ह दिसत होते.

हा संगणक मी, माझे यजमान, सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी असे चौघे वापरणार आहोत. त्यावर घराच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि सगळ्यांचे फोटो असतील. माझे खाते आत्ताच लोकल करून टाकावे का? केले तर नेमके काय गमवावे लागेल? आणि पासवर्ड विसरला तर कोणत्या खात्यातून सुटका सोपी? या विषयावर टोकाची मते पुष्कळ वाचली, पण कारणे फार थोडी सापडली.

पाटीपेन्सिल:

सांजताराताई, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते निर्णय तिथेच होतो. ऑनलाइन खात्याचा पासवर्ड विसरला तर फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून, खात्याला जोडलेल्या मोबाइल क्रमांकाच्या किंवा पर्यायी ईमेलच्या आधारे तो बदलता येतो. लोकल खात्याचा पासवर्ड फक्त त्या संगणकालाच ठाऊक असतो. तो विसरला तर खाते उघडताना दिलेल्या तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरे, आधी करून ठेवलेला रीसेटचा पेन ड्राइव्ह किंवा त्याच संगणकावरचे, सगळे बदल करण्याचे अधिकार असलेले दुसरे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते, एवढेच मार्ग उरतात. यांपैकी काहीच नसेल तर बहुधा संगणक पुसून नव्याने सुरू करावा लागतो.

मात्र पासवर्डपेक्षाही मोठी गोष्ट डिस्कच्या कुलपाची आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर बहुतेक नव्या संगणकांत डिस्क एन्क्रिप्ट होऊन तिला आपोआप कुलूप लागते, आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे ते उघडण्याची किल्ली, त्या खात्यात साठवली जाते. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून पूर्वीपेक्षा अधिक संगणकांना हे लागू झाले आहे. रोजच्या वापरात हे कुलूप जाणवतही नाही. मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलला, बायॉसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) काही फेरफार झाला किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, की निळा पडदा येतो आणि सहा-सहा अंकांच्या आठ गटांत ती की मागतो. त्या क्षणी तुमचा पिनही चालत नाही आणि पासवर्डही चालत नाही.

म्हणून खाते लोकल करण्यापूर्वी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन, आपल्या उपकरणाच्या नावापुढे दिसणारी की कागदावर छापून घ्या. खाते लोकल केले तरी डिस्कचे कुलूप निघत नाही. पुढेमागे ते ऑनलाइन खातेच बंद केले, तर कुलूप राहील आणि किल्ली जाईल.

याउलट संगणकावर सुरुवातीपासून केवळ लोकल खातीच असतील, तर होम आवृत्तीत हे कुलूप आपोआप पूर्णपणे लागत नाही. मग संगणक चोरीला गेला तर डिस्क काढून कोणीही तुमची कागदपत्रे वाचू शकतो, लॉगिनचा पासवर्ड कितीही अवघड असला तरी. लोकल खाते म्हणजे आपोआप सुरक्षित, असे मानणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

उंबरठा:

पाटीपेन्सिल यांनी सांगितलेला निळा पडदा मी स्वतः पाहिला आहे, म्हणून लिहितो. वडिलांचा संगणक दुरुस्तीहून मदरबोर्ड बदलून आला आणि सुरू करताच त्याने की मागितली. वडील म्हणाले, "मी तर कधी असले खाते काढलेच नाही." ते खरेच होते. संगणक घेतला तेव्हा आमच्या एका नातलगाने मदत म्हणून तो सुरू करून दिला होता आणि वेळ वाचावा म्हणून स्वतःचाच ईमेल घातला होता. नंतर त्याने वडिलांसाठी वेगळे लोकल खाते काढून दिले, आणि आपला ईमेल तिथे होता हे तो स्वतःही विसरून गेला.

सुदैवाने तो फोनवर भेटला. त्याने स्वतःच्या खात्यात पाहिले तर तिथे तीन उपकरणांच्या तीन किल्ल्या होत्या. निळ्या पडद्यावर किल्लीचा एक ओळख क्रमांक दिसतो. त्यातली पहिली आठ अक्षरे मी वाचून दाखवली, त्याने ती यादीशी ताडून पाहिली आणि तिसरी किल्ली जुळली. मग तो ४८ अंक सांगत गेला आणि मी ते टाकत गेलो. आईच्या आजारपणाआधीचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही.

त्यामुळे लोकल की ऑनलाइन याच्याही आधी, पहिले खाते कोणाच्या ईमेलने उघडले आणि त्या ईमेलला जोडलेला मोबाइल क्रमांक आजही चालू आहे का, हे तपासून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोरा कागद:

वरील दोन्ही प्रतिसादांतील माहिती बरोबर आहे, पण त्यावरून ऑनलाइन खातेच ठेवावे असा निष्कर्ष निघत नाही. मी सगळ्या घरगुती संगणकांवर लोकल खाती वापरतो आणि विचारपूर्वक वापरतो. माझ्या घरातील यंत्रात शिरण्याची परवानगी बाहेरच्या एखाद्या सेवेशी बांधलेली असावी, हे मला तत्त्वतः पटत नाही. ऑनलाइन खात्यावर इंटरनेट नसतानाही लॉगिन होते, हे मान्य. पण त्या खात्याबरोबर सेटिंग्जची देवाणघेवाण, जाहिरातींसाठीची ओळख आणि वनड्राइव्ह ही फाइलींची ऑनलाइन साठवण, हे सारे न मागता घरात येते.

ताई, तुमच्या फाइलींवरचे ढगाचे चिन्ह वनड्राइव्हचेच आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर त्याने आपल्याकडे वळवले आहेत. त्यात मोफत जागा केवळ ५ जीबी असते आणि घरभराचे फोटो आले की ती पाहता पाहता भरते. शिवाय ती साठवण म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इथे पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते. काही दिवस ती रीसायकल बिनमध्ये राहते, इतकेच. फोल्डर वळवणे आधी बंद करा, फाइली मूळ जागी आल्या आहेत याची खात्री करा आणि मगच खात्याला हात लावा.

सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात युअर इन्फो, अशा वाटेने आहे तेच खाते लोकल करता येते. फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, पण पाच अक्षरी फोल्डरचे नावही तेच राहते. ते खटकत असेल तर अदर यूजर्समधून मायक्रोसॉफ्ट खात्याविना नवे खाते काढा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्या, फाइली तिकडे हलवा आणि जुने खाते काढून टाका. अर्थात किल्ली आधी छापून. स्टोअर किंवा वर्डसाठी ऑनलाइन खाते लागलेच, तर फक्त त्या अ‍ॅपपुरते लॉगिन करण्याचा पर्याय मिळतो. तो निवडला की संगणकाचे खाते लोकलच राहते.

सांजतारा:

तिघांचेही मनापासून आभार. किल्ली खात्यात सापडली, तिच्या दोन प्रती छापल्या आणि एक कागदपत्रांच्या फाइलीत ठेवली. आता दोन शंका उरल्या आहेत. सासूबाईंना पासवर्ड लक्षात ठेवणे जड जाते, त्यांना पिन दिला तर तो इंटरनेटवर जातो का? आणि मुलीच्या वेळेवर मर्यादा घालायची असेल तर लोकल खाते पुरेल का?

पाटीपेन्सिल:

पिन बाहेर कुठेही जात नाही. तो त्या एका संगणकापुरताच असतो आणि बहुतेक नव्या संगणकांत टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपच्या आधाराने सांभाळला जातो. लोकल खात्यालाही तो लावता येतो, मात्र आधी पासवर्ड ठेवावा लागतो. सासूबाईंसाठी लोकल खाते, लक्षात राहील असा पिन, आणि पासवर्ड तुमच्याकडे लिहिलेला, ही व्यवस्था उत्तम. जन्मसाल तेवढे पिन म्हणून ठेवू नका.

मुलीच्या बाबतीत मात्र विंडोजमधील फॅमिली सेफ्टीची सोय हवी असेल, तर तिचे आणि पालकाचे अशी दोन्ही मायक्रोसॉफ्ट खाती लागतात. वेळेची मर्यादा, अ‍ॅपवरचे निर्बंध आणि संकेतस्थळांची गाळणी ही त्या खात्यालाच जोडलेली असतात. एकाच संगणकावर काही खाती लोकल आणि काही ऑनलाइन, असे खुशाल चालते. घरातील सगळ्यांसाठी एकच प्रकार निवडण्याची सक्ती नाही.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही आणि ती मला या साऱ्या वादापेक्षा महत्त्वाची वाटते. खाते कोणतेही असो, रोजच्या वापरासाठी ते स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचे, ठेवा आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार एका वेगळ्या खात्याला द्या. सासूबाईंनी किंवा मुलीने चुकून एखादा भलताच प्रोग्रॅम चालवला, तरी संगणकभर बदल करण्यापूर्वी विंडोज त्या वेगळ्या खात्याचा पासवर्ड मागेल. घरातील कोणी लोकल खात्याचा पासवर्ड विसरले, तर त्याच खात्यातून तो बदलूनही देता येईल.

सांजतारा:

पटले. काल रात्री अशी मांडणी केली: मुलीचे खाते ऑनलाइन, आम्हा तिघांची लोकल आणि स्टँडर्ड, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे एक वेगळे लोकल खाते, ज्याचा पासवर्ड मला आणि यजमानांना दोघांनाही ठाऊक आहे. माझे मायक्रोसॉफ्ट खाते संगणकावरून काढले, पण बंद केलेले नाही, कारण किल्ली तिथेही असलेली बरी आणि मुलीच्या खात्याची देखरेखही तिथूनच होणार आहे. त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तपासला तेव्हा तो आम्ही कधीच सोडून दिलेला जुना क्रमांक निघाला. तो बदलला. उंबरठा, तुमच्या वडिलांची हकीकत वाचली नसती तर मी ते पान उघडलेच नसते.

उंबरठा:

छान झाले, ताई. किल्लीची दुसरी प्रत मात्र घराबाहेर, एखाद्या विश्वासातल्या नातलगाकडे ठेवा, आणि त्या कागदावर ती कोणत्या संगणकाची आहे ते आठवणीने लिहा. आम्हाला तीन किल्ल्यांतून एक शोधावी लागली होती.