पॅसिव्हेशन : ‘निष्क्रियीकरण’ की आणखी काही?

प्रश्न : स्टेनलेस स्टीलच्या सुट्या भागांसाठी कामाच्या सूचना मराठीत लिहिते आहे. ‘पॅसिव्हेशन’ला, म्हणजे भाग गंजू नयेत म्हणून ते आम्लात बुडवण्याच्या प्रक्रियेला, ‘निष्क्रियीकरण’ लिहिलं, तर एका कामगाराने विचारलं, “म्हणजे मशीन बंद ठेवायचं का?” त्याची शंका रास्तच होती. ‘संरक्षक थर चढवणे’ चालेल?

– ‘चढवणे’ नको. चढवतात तो रंग किंवा मुलामा, बाहेरून आणलेला. इथे नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लात भाग बुडवतात ते कापताना-घासताना हत्यारांचे चिकटलेले लोखंडी कण विरघळवायला. ते राहिले तर नेमके तिथेच तांबूस ठिपके उमटतात. कण निघाले की स्टीलमधलं क्रोमियम ऑक्सिजन घेऊन स्वतःच थर धरतं, जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तरी हवेत पुन्हा धरतं. दुधावर साय धरते तसं. म्हणून माझं मत ‘थर धरणे’ला.

– ‘निष्क्रिय’ आलं ते रसायनशास्त्रातून. तीव्र नायट्रिक आम्लात लोखंड विरघळायचं थांबतं, त्या अवस्थेला १८३६ साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने ‘पॅसिव्ह’ म्हटलं. तो शब्द धातूच्या वागण्याचा आहे, थराचा नाही.

– मग ॲनोडायझिंग?

– तिथे ‘वाढवणे’. ॲल्युमिनियमवर मुळात दोन-चार नॅनोमीटरचा थर असतोच. आम्लाच्या द्रावणात वीज सोडून तो साधारण ५ ते २५ मायक्रॉनपर्यंत वाढवतात. काही भाग धातूच्या आत सरकतो, काही बाहेर येतो, म्हणून भोकाचं माप बदलतं आणि ड्रॉइंगमध्ये ते आधीच धरावं लागतं. ‘धनाग्रीकरण’ अर्थाने बरोबर आहे, पण कामावर सगळे ॲनोडायझिंगच म्हणतात. वाढवलेल्या थरात बारीक छिद्रं असतात. ती बंद करण्याच्या पुढच्या पायरीला, सीलिंगला, मात्र ‘छिद्रं बुजवणे’ छान बसतं, गरम पाण्यात तेच घडतं.

– एक विनंती, सरसकट प्रत्येक ऑक्साइडला, म्हणजे धातू आणि ऑक्सिजनच्या संयुगाला, गंज म्हणू नका! गंज फुगतो, त्याचे पोपडे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. तो ‘लागतो’, ‘चढतो’ आणि धातू ‘खातो’. गरम रोलिंगनंतरच्या, म्हणजे तापलेलं पोलाद रुळांमधून लाटल्यानंतरच्या, निळसर काळ्या ऑक्साइडला ‘खपली’ म्हणावं. ती तडकली की फटीतून गंज शिरतो.

– आभार. मग असं लिहिते : ‘पॅसिव्हेशन : भाग आम्लात बुडवून वरचे लोखंडी कण काढा, स्वच्छ धुवा, सुकवा. संरक्षक थर आपोआप धरतो.’ शीर्षकात पॅसिव्हेशनच ठेवते.