स्वित्झर्लंडला दोघांनी चालायचंय, हौस माझी आणि गुडघा तिचा. सल्ला हवाय

पायवाट_पुणे

नमस्कार मंडळी,
बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी ५७, बायको ५४, राहणार कोथरूड. मुलगी यंदा नोकरीला लागली आणि आम्ही एकदम मोकळे झालो, त्यामुळे वीस वर्षं "बघू पुढे" म्हणून ढकललेलं स्वित्झर्लंड सप्टेंबरमध्ये करायचंच असं ठरलंय.

आधी एका टूरवाल्याकडे गेलो होतो. त्यांचा प्लॅन म्हणजे डोंगरावर न्यायचं, बर्फात पाऊण तास फोटो, खाली आणायचं, जेवण, झोप. मी विचारलं की यात चालायचं कधी? तर तो मुलगा म्हणे "सर, अजिबात चालावं लागणार नाही, बस हॉटेलच्या दारात येते". त्याला वाटलं मी तक्रार करतोय. मग म्हटलं आपलं आपणच करू.

तर ९ रात्री आहेत, सगळ्या लाउटरब्रुनेन किंवा ग्रिंडेलवाल्डला एकाच ठिकाणी राहून काढायच्या, रोज बॅगा भरायच्या नाहीत. माझी यादी: युंगफ्राऊयोख (ट्रेनने वर जाता येतं ती बर्फातली खिंड), आयगर ट्रेल (आयगर शिखराच्या भिंतीखालची पायवाट), आणि शीनिगे प्लाटेपासून फर्स्ट नावाच्या ठिकाणापर्यंतचा १६ किलोमीटरवाला. प्रश्न बायकोच्या उजव्या गुडघ्याचा. सिंहगड आम्ही महिन्यातून दोनदा आतकरवाडीतून चढतो, चढायला ती ठणठणीत आहे पण उतरताना फार हळू, आणि डिसेंबरात राजगड केला तेव्हा पुढचे दोन दिवस घरचा जिना कठडा धरून उतरत होती. माझं म्हणणं असं की आयगर ट्रेलला ट्रेन वर सोडते आणि मग नुसतं उतरायचं, म्हणजे सोपंच की. तिचं म्हणणं आधी कुणाला तरी विचारा. म्हणून विचारतोय. (ती पण वाचणार आहे, जपून लिहा.)

बर्नची_सून

ताईंनी विचारायला लावलं ते फार बरं केलं! मी इथे ११ वर्षं आहे आणि दर उन्हाळ्यात भारतातून येणारे पाहुणे याच एका ठिकाणी फसतात. ट्रेन वर नेते म्हणजे चाल सोपी असं नसतं हो, ट्रेन फक्त चढ खाते आणि उतार सगळा तुमच्यासाठी ठेवते. आयगर ट्रेल आयगरग्लेचर स्टेशनवरून सुरू होतो, ते आहे २,३२० मीटरवर, आणि संपतो आल्पिग्लेनला १,६१६ वर. सहा किलोमीटरमध्ये ७०० मीटर उतार, त्यात पायाखाली खडी. म्हणजे सिंहगडाचा उतार आणि वर अजून थोडा. ज्या गुडघ्याला राजगड उतरताना त्रास झाला त्याला हे "सोपंच की" कसं असेल?

उपाय मात्र अगदी साधा आहे. उलटं करा. ग्रिंडेलवाल्डहून ट्रेनने आल्पिग्लेनला उतरा, तिथून पायी वर चढा आणि वरून ट्रेनने किंवा आयगर एक्सप्रेस गोंडोलाने (दोरावरून जाणारी केबिन) खाली या. ताई चढायला ठणठणीत आहेत असं तुम्हीच लिहिलंय ना, मग त्यांना जे जमतं ते पायांनी करू द्या आणि जे दुखतं ते मशीनला करू द्या. सह्याद्रीत ही सोय नाही, गड चढलात की उतरायचं पण तुम्हीच. इथे आहे तर घ्या की. सगळे वरून खाली येत असतात, तुम्ही खालून वर जाल, लोक बघतील जरा, "ग्रुएत्सी" (नमस्कार) म्हणायचं आणि पुढे चालायचं.

बाकी गुडघ्याला झेपेल असं बरंच आहे. मॅनलिशेन ते क्लायने शायडेक हा साडेचार किलोमीटरचा पॅनोरमा ट्रेल, उतार आहे पण हलका आणि रस्ता चांगला रुंद, आयगर-म्योंख-युंगफ्राऊ तिघंही समोर ओळीने उभे. ग्रुटशाल्प ते म्युरेन पण जवळपास सपाट. आणि फर्स्टवरून बाखआल्पझे तळं, एका बाजूने तासभर, माझी आई ६८ व्या वर्षी साडी आणि स्पोर्ट शूजवर जाऊन आली, तळ्याकाठी बसून तिने डब्यातली गूळपोळी काढली आणि शेजारच्या जर्मन आजींना पण अर्धी दिली.

शीनिगे प्लाटे ते फर्स्ट मात्र या खेपेला सोडा. वाटेत २,६८१ मीटरवरचं फाउलहॉर्न लागतं, पाटीवर सहा तास लिहिलेले असतात, आणि पाट्यांवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते हे कुणी सांगत नाही. फोटो, पाणी, "अगं इकडे बघ" हे सगळं वेगळं. मी आपल्या लोकांना पाटीवरच्या वेळेची दीडपट धरायला सांगते. पाट्यांचे रंग पण बघून ठेवा: नुसती पिवळी म्हणजे साधी पायवाट, टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर डोंगरवाट, तिथे नीट बूट हवेत, आणि पांढरा-निळा-पांढरा दिसला तर गुपचूप मागे फिरायचं.

सह्यवेडा_नाशिक

लोक एवढे पैसे घालून चालायला जातात याचं मला कायम नवल वाटतं, पण असो, हौसेला मोल नाही.

गंमत म्हणून सांगतो. म्युरेन गाव १,६३८ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर त्यांच्या गावापेक्षा ८ मीटर उंच! आपण बारी गावातून शिड्या चढत, धापा टाकत जिथे पोचतो साधारण तेवढ्या उंचीवर तिथल्या आज्या सकाळी पाव आणायला निघतात. त्यामुळे उंचीचा बाऊ करू नका, चालीचा करा.

आता कामाचं. अजून साडेतीन महिने आहेत. सिंहगड दोनदा करताय ते चांगलं, पण किती मिनिटांत चढलो हे मोजणं बंद करा (पुणेकरांना हा रोग आहे, आतकरवाडीत सकाळी सहाला निम्मी जनता घड्याळाकडे बघत चढते). त्याऐवजी उतरायचा सराव करा. चढताना दम लागतो पण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला दर पावलाला ब्रेक मारायला लागतो, तो कच्चा असला की सगळा मार गुडघ्यावर येतो. लहान पावलं, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही. दोन काठ्या घ्या, एक नाही दोन, आणि उतरताना त्यांची उंची थोडी वाढवा. काठ्या मोठ्या बॅगेत टाका, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. आणि एकदा फिजिओला गुडघा दाखवून या, इथे आम्ही सगळे हौशी डॉक्टर.

कात्रज ते सिंहगड करू का असं विचारणार असाल तर नाही. तेरा टेकड्या चढ-उतार, त्या गुडघ्यावर आत्ता नको.

पायवाट_पुणे

मी सौ. पायवाट, यांच्याच आयडीवरून लिहितेय.

बर्नची सून, तुमचे मनापासून आभार, दोन वर्षं मी हेच सांगतेय की उतार माझ्यासाठी सोपा नाही. यांना वाटतं खाली जायला काय लागतं. आणि एक दुरुस्ती. चढताना मी पुढे असते हे यांनी लिहिलंच नाही बघा! सिंहगडावर हे देवटाक्याच्या आधी तीन वेळा थांबतात, "फोटो काढतोय" म्हणून, घरी येऊन बघावं तर एकही फोटो नसतो. उतरताना मात्र हे सुसाट आणि खाली ताक पीत बसलेले असतात, मी पोचले की "चला, निघूया?" त्यामुळे चढून जायचा प्लॅन मला शंभर टक्के मंजूर आहे.

प्रश्न एवढाच, खायला काय न्यावं? तिथे बाहेर खाणं परवडत नाही असं ऐकलंय.

दोन_तिकिटं

सौ. पायवाट, दंडवत घ्या!

आम्ही दोघं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गेलो होतो, आमच्या चुका सांगतो म्हणजे तुम्ही नव्या करू शकाल. पहिली चूक बूट. माझे ट्रेकिंगचे बूट चांगले महागाचे, पण पाच-सहा वर्षं माळ्यावर खोक्यात पडून होते, दिसायला नवेकोरे. ग्रुटशाल्पवरून म्युरेनला निघालो, वीस मिनिटं झाली असतील, उजव्या पायाला काहीतरी फटक-फटक वाजायला लागलं. बघतो तर सोल पुढून सुटून मगरीसारखा आ वासलाय, आणि आतला फोम बोटाने दाबला तर भुगा होऊन पडतोय, शिळ्या नानकटाईसारखा. नंतर कळलं की त्या सोलमधलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने आतून कुजतं, आणि न वापरता ठेवलेले बूट तर हमखास असे जातात. बायकोने ओढणी काढली, बुटावरून दोन फेरे, वर गाठ. म्युरेनपर्यंत तसाच गेलो, समोर युंगफ्राऊ आणि खाली माझा बांधणीचा बूट, सगळी गोरी मंडळी आधी बूट बघत होती मग डोंगर. तेव्हा बूट आत्ताच काढा, घालून सिंहगडावर न्या, फुटायचे तर तिथे फुटू देत.

दुसरी, शेवटची गोंडोला. आपल्याला वाटतं उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड आहे म्हणजे सगळं चालू असेल. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी पाच-साडेपाचलाच शेवटची खाली जाते. आमची तीन मिनिटांनी चुकली, चूक आमचीच, तळ्यावर रेंगाळत बसलो होतो. मग पायी खाली, दोन-अडीच तास, एकमेकांशी एक शब्द नाही. सकाळी वर पोचलात की आधी त्या वेळेच्या बोर्डाचा फोटो काढा, डोंगराचा नंतर.

आणि युंगफ्राऊयोखचं तिकीट आधीपासून काढून ठेवू नका. रोज सकाळी उठून वेबकॅम बघायचा, ३,४५४ मीटरवर ढग असेल तर त्या दिवशी दुसरीकडे जायचं. तुम्ही एकाच जागी ९ रात्री राहताय हा त्याचा फायदाच आहे. आम्ही हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोनदा जाऊन दोन्ही वेळा नुसता पांढरा पडदा बघून आलोय, ते चालतं, तिथे फक्त पिठलं-भाकरीचे पैसे गेले होते. इथे तोच पडदा बघायला दोघांचे मिळून किती फ्रँक जातात ते एकदा बघाच.

बर्नची_सून

हाहा ओढणी! वेबकॅमला +१.

ताई, खाण्याचं: किचन असलेलं अपार्टमेंट घ्या. कोऑप, मिग्रोमध्ये तांदूळ, मसूर, दही, भाज्या सगळं मिळतं, फक्त रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. पुण्याहून मेतकूट, भडंग, दाण्याची चटणी, पिठल्याचं पीठ आणा. दूध-दुभत्याचे पदार्थ आणू नका, भारतातून ते आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे आणि तुपातले लाडू घरीच संपवून निघा. पाणी विकत घेऊ नका, गावातल्या हौदाचं पाणी बिनधास्त प्या, फक्त "काइन ट्रिंकवासर" (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तिथलं नको.

पासचं पण सांगते कारण पुढचा प्रश्न तोच येणार. स्विस ट्रॅव्हल पासवर वेंगेन, म्युरेनपर्यंत फुकट पण युंगफ्राऊयोखला पुढे फक्त २५ टक्के सूट. हाफ फेअर कार्डवर निम्मं भाडं. एकाच खोऱ्यात राहून रोज वर-खाली करणाऱ्याला बऱ्याचदा हाफ फेअर बरं पडतं, पण कागद-पेन घेऊन बेरीज करा.

पायवाट_पुणे

धागा वर काढतोय. जाऊन आलो!

सगळ्यांचे आभार. नशिबाने नऊपैकी सहा दिवस स्वच्छ मिळाले, पण मोठं वर्णन लिहीत नाही, फक्त आयगर ट्रेलचं सांगतो. उलटाच केला. आल्पिग्लेनला आमच्या डब्यातून आम्ही दोघंच उतरलो. सुरुवातीलाच असा खडा चढ की माझा पहिला "फोटो" पंधरा मिनिटांतच झाला. ही पुढे. गाईंच्या गळ्यातल्या घंटा खालून ऐकू येत होत्या, मग त्या पण बंद झाल्या आणि नुसती आयगरची भिंत, डाव्या हाताला, मान मागे टाकली तरी वरचं टोक दिसेना. याच भिंतीवरून १९३८ साली चौघं जण पहिल्यांदा वर गेले, आणि आतून बोगद्यात युंगफ्राऊची ट्रेन धावतेय हे डोक्यात काही केल्या बसत नाही. हात लावून बघितला तर गार ओला दगड, आपल्या बेसाल्टसारखा काळा नाही, राखाडी चुनखडी. समोरून उतरणारे लोक काठ्या टेकत, तोंड वाकडं करत येत होते, त्यातल्या एका बाईंनी हिच्याकडे बघून अंगठा वर केला. मला नाही केला.

चार तास लागले. वर आयगरग्लेचरला ही माझ्या आधी पोचून बाकावर बसली होती, हातात चहा, मला बघून म्हणाली "चला, निघूया?"

गोंडोलाने पंधरा मिनिटांत खाली. दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरली. माझे मात्र पोटऱ्यांचे दगड झाले होते.

युंगफ्राऊयोख शेवटी केलंच नाही. वेबकॅमवर जे दोन दिवस छान दिसत होतं त्या दोन्ही दिवशी हिला पुन्हा बाखआल्पझेला जायचं होतं. दुसऱ्यांदा पण गेलो. मी कुरकुर केली थोडी, पण तिकिटाचे पैसे वाचले ते चीज आणि मुलीच्या घड्याळात गेले.

आता नोव्हेंबरात हरिश्चंद्रगड करायचाय, पाचनईकडून, कोकणकड्यावर मुक्काम. नाशिककर, राजूर ते पाचनई रस्ता पावसानंतर कसा असतो? छोटी गाडी जाईल ना, का राजूरहून जीप करू?

सह्यवेडा_नाशिक

रस्ता दर पावसानंतर वेगळाच असतो, निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा. गाडी पाचनईत कुणाच्या तरी अंगणात लावा आणि जेवणाचं तिथेच सांगून ठेवा. थंडी चांगलीच असते, स्वेटर न्या.

आणि गोंडोला नाहीये हो तिथे. ताईंना उतरायला पूर्ण सकाळ मोकळी ठेवा, आणि तुम्ही खाली ताक पीत बसू नका.