सिरपूरचे पक्षी सॉफ्ट येतात, बगळे पांढरेफटक होतात: लेन्स बदलू की दुसरं काही?

धाररोडकर:
नमस्कार मंडळी. इंदूरच्या सिरपूर तलावावर पाणपक्ष्यांचे फोटो काढतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर. लेन्स ५५-२५० मिमी, पुढे यूव्ही फिल्टर. ट्रायपॉड नाही, हातात धरूनच. शटर प्रायॉरिटीवर (शटरचा वेग मी ठरवतो, बाकी कॅमेरा) १/५०० सेकंद, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), जेपेग. वेळ साधारण सकाळी साडेनऊ ते अकरा.
अडचणी अशा : लांबची बदकं कधीच कुरकुरीत येत नाहीत, पिसांचा नुसता लगदा दिसतो. बगळ्याच्या अंगावर काहीच तपशील उरत नाही, उलट शेजारचा पाणकावळा काळा ठिपका होतो. उडत्या पक्ष्याचे पंख हललेले. १५०-६०० लेन्स घेण्याचा विचार आहे, पण खर्च मोठा आहे. लेन्स घेतल्याने हे सुटेल का? इंदूरच्या जाणकारांनी सांगावं.

पाणथळवेडा:
लेन्स घेण्याआधी घड्याळ बदला. साडेनऊ ते अकरा ही वेळच लांबच्या फोटोंची वैरी आहे. ऊन चढलं की पाळीवरचे दगड, चिखल, वाळलेलं गवत तापतं आणि वरची हवा हलायला लागते. गरम आणि थंड हवेचे थर प्रकाश वेगवेगळा वाकवतात, त्यामुळे पिसांची कडच शिल्लक राहत नाही. ६०० मिमीची लेन्स ही थरथर मोठी करून दाखवेल, एवढंच.
तपासायला सोपं आहे. कॅमेरा कशावर तरी टेकवा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) लावून दहापट मोठं करा आणि पलीकडच्या काठावरचा एखादा वाळका बुंधा बघा. कडा लाटांसारख्या हलत असतील तर लांबचे फोटो तेवढ्यापुरते सोडून द्या आणि पंधरा मीटरच्या आतलं जे असेल ते टिपा. ही थरथर ऑटोफोकसलाही चकवते, म्हणून दहा फोटोंपैकी दोनच बरे येतात आणि आपण दोष कॅमेऱ्याला देतो.
डिसेंबर-जानेवारीत इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासात ते पावणेनऊ हा वेळ धरा. मात्र कडाक्याच्या थंडीत पाणी हवेपेक्षा उबदार असतं, तेव्हा पहाटे पाण्यालगत धुकं आणि थोडी थरथर असते. ते विरायला सूर्योदयानंतर अर्धा तास लागू शकतो. तोवर धुक्यातल्या शेकाट्यांचे आकार टिपा, फार सुंदर येतात.
आता अंतराचं गणित. अर्ध्या मीटरचं बदक ४० मीटरवर असेल तर २५० मिमीला तुमच्या सेन्सरवर ते साधारण ३ मिमी भरतं, म्हणजे ६००० पिक्सेलपैकी जेमतेम ८४०. तेच बदक २० मीटरवर आलं की १६८०, आणि त्यात पिसांच्या कडा दिसतात. अंतर निम्मं करणं म्हणजे फुकटात ५०० मिमीची लेन्स मिळणं. पक्ष्याच्या मागे चालत जाऊन अंतर कमी होत नाही, ते आणखी वाढतं. काठावरच्या झुडपाला टेकून, आकाशावर आपली आकृती दिसणार नाही अशा जागी बसा आणि निदान वीस मिनिटं हलू नका. टिबुकली, चांदवा, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी हे सगळे हळूहळू स्वतःच जवळ सरकतात. टिबुकलीने बुडी मारली की दहा ते पंचवीस सेकंदांत वर येते. तेवढ्या वेळात तुम्ही दोन पावलं पुढे सरकून पुन्हा स्थिर होऊ शकता. वर आली की मात्र बोटही हलवायचं नाही.
सकाळी पूर्वेकडच्या काठावर, सूर्य पाठीशी ठेवून. वाराही पाठीशी असेल तर त्याहून उत्तम, कारण पक्षी उतरताना आणि उडताना तोंड वाऱ्याकडे करतात, म्हणजे तुमच्याकडे. चांदवा उडण्याआधी पाण्यावरून बराच धावतो, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू बदक ही मात्र पाण्यावरून थेट वर उसळतात. त्यांच्यासाठी शटरवर बोट आधीपासून हवं, आणि फ्रेममध्ये वरच्या बाजूला जागा सोडलेली हवी.

मॅन्युअलमोड:
वरच्या उत्तराशी सहमत. एक्स्पोजरचं बोलतो, कारण बगळा जळण्याचं कारण वेगळं आहे आणि बहुतेक ठिकाणी ते अर्धवटच सांगितलं जातं.
कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर संपूर्ण दृश्य मध्यम करड्या उजेडाचं धरतो. गडद पाण्यात छोटा पांढरा बगळा असला की मीटर पाणी बघतो, फोटो उजळ करतो आणि बगळा जळतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरचा अंदाज उजळ किंवा गडद करायची सोय) उणे १ ते उणे १.७ स्टॉप. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. पण तोच बगळा अर्ध्याहून जास्त फ्रेम व्यापत असेल तर मीटर पांढऱ्यालाच करडं करायला जातो, मग अधिक ०.७ ते अधिक १ लागतं. ‘पांढऱ्या पक्ष्याला उणे करा’ हा सरसकट नियम म्हणूनच फसवा आहे. मागे काय आहे आणि पक्षी किती मोठा आहे, यावर सगळं ठरतं.
म्हणून स्वच्छ उन्हात मीटरवर सोडूच नका. मॅन्युअल मोड, लेन्सचं छिद्र एफ/८, आयएसओ ४००, शटर १/२५००. ऊन चांगलं वर आलेलं असेल आणि पाठीशी असेल तर या आकड्यांवर बगळ्याची पिसं टिकतात. बगळा पाण्यावरून उडून झाडीपुढे गेला तरी आकडे तेच, कारण त्याच्या अंगावर पडणारं ऊन बदललेलं नसतं. सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात उजेड बराच कमी असतो, तेव्हा आयएसओ १६०० पर्यंत न्या किंवा एफ/५.६ वर या. ढगाळ दिवशी ऑटो आयएसओ ठीक, कमाल ३२०० ची मर्यादा घालून. सुरुवातीच्या श्रेणीतल्या काही बॉडींत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना कॉम्पेन्सेशन चालत नाही. तसं असेल तर आयएसओही हातानेच ठेवा.
प्रत्येक नव्या जागी एक फोटो काढून हायलाइटचा इशारा (जळलेले भाग पडद्यावर लुकलुकतात तो) बघायचा. बगळ्याच्या पाठीवर लुकलुक दिसली की शटरचा वेग एक-तृतीयांश स्टॉपने वाढवत जा, लुकलुक थांबली की ते आकडे पक्के. चक्रवाकाच्या बाबतीत नुसता पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पुरत नाही, त्याच्या नारिंगी अंगात लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे लाल रंगातला तपशील जातो. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दिसतात तो पडदा लावा.
आणि जेपेग सोडून रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल. बगळ्यासाठी एक्स्पोजर धरायचं आणि पाणकावळ्याच्या सावल्या नंतर दीड-दोन स्टॉप उचलायच्या, हे रॉमध्येच जमतं, तेही आयएसओ ८०० च्या आत असेल तर स्वच्छ. पाणकावळ्याच्या काळ्या अंगावर खरं तर खवल्यांसारखी ब्राँझ छटेची नक्षी असते. ती ऊन समोरून पडल्यावरच दिसते, सूर्याविरुद्ध काढला तर कितीही उचला, येणार नाही.
शटरचे अंदाज : बसलेला पक्षी १/५०० ते १/८००, चित्रबलाकासारखा संथ उडणारा १/१२५० पासून, बदकं १/२००० ते १/२५००, खंड्याचा पाण्यातला सूर १/३२००.

धाररोडकर:
दोघांचेही मनापासून आभार. घरी गच्चीवर लगेच एक गोष्ट करून पाहिली. यूव्ही फिल्टर काढून, कॅमेरा कठड्यावर ठेवून वर्तमानपत्राचे फोटो काढले. लाइव्ह व्ह्यूने फोकस केलं की अक्षरं धारदार, व्ह्यूफाइंडरने केलं की थोडी पुसट. म्हणजे कॅमेरा बिघडला आहे का? आणि दुसरं : मार्चमध्ये बदकं निघून गेल्यावर, पुढे पावसाळाभर हाच संच घेऊन काय करता येईल?

काठावरचा:
बिघडलेला नाही. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचं फोकस वेगळा सेन्सर ठरवतो आणि लाइव्ह व्ह्यूचं मुख्य सेन्सरवरूनच होतं. दोन्हींत फरक दिसतो याचा अर्थ बॉडी आणि लेन्सची जोडी किंचित पुढे किंवा मागे फोकस करते आहे. नक्की करायचं तर ७ ते ८ मीटरवर, २५० मिमीला, एफ/५.६ वर, एक सपाट छापील पान उभं करा आणि त्याच्या शेजारी ४५ अंशात तिरकी पट्टी ठेवा. मधल्या बिंदूने पानावर फोकस. दर वेळी फोकस आधी पूर्ण बिघडवायचं आणि मग नव्याने करायचं, असे दहा फोटो. सगळ्यांत पट्टीवरची तीच जागा धारदार दिसली तर दोष ठरलेला आहे आणि सुधारता येतो. दर फोटोला जागा बदलत असेल तर प्रश्न उजेडाचा किंवा हात हलण्याचा आहे. मेनूमध्ये एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट (फोकस किंचित पुढे-मागे सरकवायची सोय) असेल तर स्वतः करा, दोन-दोन आकड्यांनी सरकवत. नसेल तर बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्या. एकटी लेन्स देऊन उपयोग नाही. तोवर बसलेल्या पक्ष्यांसाठी लाइव्ह व्ह्यू वापरा.
यूव्ही फिल्टर परत लावू नका. लांब फोकल लेंग्थला स्वस्त काच लगेच नडते. पुढच्या काचेला जपायला हूड पुरतं.
ट्रायपॉडऐवजी बीन बॅग करा. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापून एक तोंड शिवायचं, आत दीड किलो सोयाबीन, दुसऱ्या तोंडाला चेन. माळव्यात सोयाबीनला काय तोटा! पिशवी तीन-चतुर्थांशच भरा. गच्च भरली तर लेन्स वरून घसरते, अर्धी ठेवली तर खाली जमिनीला टेकते. पावसाळ्याआधी दाणे काढून टाका, ओल लागली की मोड येतात आणि कुबट वास सुटतो.
बीन बॅगेचा मोठा फायदा स्थिरतेपेक्षा उंचीचा आहे. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे चार हातांवरचं गढूळ पाणीच दिसतं. कॅमेरा पाण्यापासून फूटभर उंचीवर आणला की मागचा काठ दूर जाऊन विरघळतो, प्रतिबिंब पूर्ण येतं आणि पक्ष्याचा डोळा तुमच्या डोळ्यासमोर येतो. त्याच वंचकाचा (भुरकट छोट्या बगळ्याचा), त्याच लेन्सने काढलेला फोटो वेगळाच दिसतो. फक्त हवेची थरथर पाण्यालगत सर्वांत जास्त असते, म्हणून हे पहिल्या दीड तासातच.

मृगाचाकिडा:
पावसाळ्याचं मी सांगतो. माळव्यात तर मॅक्रोसाठी (किड्यांसारख्या बारीक गोष्टी जवळून टिपायला) खरा हंगाम तेव्हाच सुरू होतो.
तुमच्या ५५-२५० पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० नावाची क्लोजअप लेन्स चिमट्याने बसते. तो चिमटा ५२ ते ६७ मिमी फिल्टरच्या लेन्सना चालतो. ताकद ८ डायॉप्टर, म्हणजे मुख्य लेन्स अनंतावर ठेवली तर किडा पुढच्या काचेपासून सुमारे साडेबारा सेंटिमीटरवर स्पष्ट होतो. विशालन किती, हे फोकल लेंग्थला १२५ ने भागून काढायचं : १२५ मिमीला १:१ (सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा), २५० ला दुप्पट. सुरुवात १०० ते १२५ वर करा, २५० वर किडा फ्रेममध्ये सापडतच नाही. ऑटोफोकस बंद, अंतर पक्कं, आणि स्वतः मिलिमीटरभर पुढे-मागे झुलत शटर दाबायचं. १:१ ला एफ/११ वरही खोली जेमतेम एक मिलिमीटर असते, म्हणून डोळा धरा आणि बाकी अंग सेन्सरला समांतर ठेवा.
उजेड फ्लॅशचा : मॅन्युअल, एफ/११, १/२००, आयएसओ २००, फ्लॅश १/८ पासून सुरू. बॉडीवरचा फ्लॅश असेल तर पॅकिंगमधल्या पांढऱ्या फोमचे दोन थर लेन्सच्या टोकावरून पुढे झुकतील असे बांधा. डिफ्यूझर किड्याच्या जितका जवळ तितका प्रकाश मऊ आणि पाठीवरची चमक कमी. फार लांब ठेवलात तर भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा ठिपका येतोच.
मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर काळ्या मातीत लाल मखमली मृगाचे किडे निघतात. त्यासाठी रालामंडल अभयारण्यापर्यंत जायलाच हवं असं नाही, कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवरही बघा. हे आठ पायांचे, कोळ्यांच्या गोत्यातले. पावसानंतरच्या सकाळीच गाठा, एरवी ते मातीत दडलेले असतात. सेंटिमीटरभराचा किडा १२५ मिमीला जवळपास अर्धी फ्रेम भरतो. लाल रंग फ्लॅशखाली पटकन फुटतो आणि मखमल रंगाच्या डागासारखी दिसते, म्हणून फ्लॅश दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवा. ओली काळी माती कोपरांना सोडत नाही, ताडपत्रीचा तुकडा जवळ हवा. किड्याला उचलून ‘छान जागी’ ठेवू नका. मातीचे कण अंगावर असलेला फोटोच जास्त खरा दिसतो.
साठवणीचंही आताच बघून ठेवा. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते. रबराच्या कडेचा हवाबंद डबा, १५० ते २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवायची, फार कोरडंही नको. जेल नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. नारिंगी हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास. त्याहून जास्त तापवलं तर रंगच जळतो आणि मग ओल भरली की नाही हे कळत नाही.

पाणथळवेडा:
पावसाळ्यात सिरपूर सोडून यशवंतसागर जलाशयाकडेही पाय वळतील, म्हणून सारसाबद्दल आत्ताच सांगतो. सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही २०२२ साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेले आणि २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ शहराची मान्यता मिळाली. पण सारसाचं घरटं शेतातल्या उथळ पाण्यात, उघड्यावरच असतं. जुलै ते सप्टेंबरमध्ये जोडीपैकी एक पक्षी बसलेला दिसला तर थांबा आणि लांबूनच एखादा फोटो घेऊन परत फिरा. बसलेला पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला म्हणजे अंतर आधीच ओलांडलेलं आहे. तो उठला की अंडी कावळ्यांच्या नजरेला पडतात. घरट्याची नेमकी जागा फोटोसोबत टाकू नका आणि फोनवर स्थान नोंदवणं बंद ठेवा. मोबाइलवरून पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणं विणीच्या काळात तर अजिबात नको. पिलांना घास द्यायचं सोडून पक्षी न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला शोधत बसतो.
१५०-६०० चा निर्णय पुढच्या जानेवारीनंतर घ्या. तोवर एकच वंचक धरा, रोज त्याच कोपऱ्यावर बसणारा. त्याचा मासा पकडण्याचा क्षण २५० मिमीवर नीट मिळतो. मान आखडून पुढे झुकला की शटर १/२००० वर आणि बर्स्ट (सलग फोटो) सुरू, कारण झेप अर्ध्या सेकंदाच्या आत संपते.