मदत हवी आहे : पुढच्या अंगणातील शेवंतीला कळ्या का धरत नाहीत?

नमस्कार.

मी नागपूरला मानेवाडा भागातील एका लेआऊटमध्ये राहते. घरापुढे रस्त्याच्या बाजूला लहानसे अंगण आहे आणि घरामागे विहिरीशेजारी साधारण तेवढीच मोकळी जागा आहे. गेली तीस वर्षे ही बाग माझ्या सासूबाईंनी एकहाती सांभाळली. यंदा एप्रिलमध्ये त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे बागेचे काम माझ्याकडे आले. उन्हाळा आणि पावसाळा मी त्यांना विचारत विचारत निभावून नेला. पण पाऊस गेल्यानंतर थंडी स्थिरावेपर्यंतच्या या काळात मला अशी एक अडचण आली आहे की, तिचे उत्तर त्यांनाही देता येत नाही.

आमच्याकडे पिवळ्या शेवंतीच्या चौदा कुंड्या आहेत. सर्व रोपे एकाच जुन्या झाडाच्या मुनव्यांपासून (बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून) आणि छाट्यांपासून केलेली आहेत, त्यामुळे जातीत फरक असण्याचा प्रश्न नाही. जूनअखेरीस छाटे लावले. कुंड्यांत काळी माती, कुजलेले शेणखत आणि रेती समप्रमाणात भरली, कारण आमच्या भागातील नुसती काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते आणि वाळली की तिला भेगा पडून मुळे तुटतात. शेंडे दोनदा खुडले. शेवटचे खुडणे तान्हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व कुंड्यांचे एकाच वेळी केले. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी शेंगदाण्याची ढेप (पेंड) चार दिवस भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून सर्वांना सारखेच दिले. सप्टेंबरमध्ये काळा मावा पडला होता, तो निंबोळी अर्काच्या दोन फवारण्यांनी आटोक्यात आला.

या चौदांपैकी सहा कुंड्या घरामागे आहेत आणि आठ पुढे कुंपणाच्या भिंतीलगत आहेत. आज नोव्हेंबरचा दुसरा आठवडा सुरू आहे. मागच्या सहाही झाडांवर प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरवी, चपटी, सदऱ्याच्या गुंडीसारखी कळी धरली असून दोन झाडांवर पिवळा रंगही डोकावू लागला आहे. पुढच्या आठ झाडांवर मात्र एकही कळी नाही. ती आजारी आहेत असेही म्हणवत नाही, कारण मागच्या झाडांपेक्षा ती वीतभर उंच आहेत आणि पाने गडद हिरवी आहेत. काल मी एक शेंडा नखाने हळूच उलगडून पाहिला. पानाच्या आत पान, त्याच्या आत तांदळाच्या कणीएवढे आणखी एक पान, एवढेच दिसले.

ऊन कमी पडते म्हणावे, तर पुढच्या बाजूला सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत चांगले ऊन असते, उलट मागेच ते कमी आहे. जागा वाईट म्हणावी, तर त्याच भिंतीशी लावलेल्या झेंडूने दसऱ्यालाही फुले दिली आणि दिवाळीलाही. नत्र जास्त झाले असावे असे शेजारच्या काकांचे मत आहे, म्हणून तीन आठवड्यांपासून ढेपेचे पाणी पूर्ण बंद केले आहे. फरक काहीच पडला नाही. सासूबाई म्हणतात की, याच भिंतीशी त्यांनी दरवर्षी शेवंती फुलवली आहे. मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेला घरचीच शेवंती वाहण्याचा त्यांचा नेम आहे आणि त्या रोज सकाळी वॉकर घेऊन व्हरांड्यात येऊन त्या कुंड्यांकडे पाहत बसतात. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ आठ कुंड्यांचा राहिलेला नाही.

आणखी दोन लहान शंका आहेत. दसऱ्यानंतर लगेच सांबार पेरला (आमच्या विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात), पण वाफ्यात चार बोटांच्या अंतरावर एखादेच रोप उगवले. हिवाळ्यात घरच्या सांबाराची सांबारवडी झाली नाही, असे या घरात आजवर घडलेले नाही. दुसरी शंका विहिरीजवळच्या संत्र्याच्या झाडाची आहे. त्यावर आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्याची) फळे तयार होत आली आहेत, परंतु कोवळी पाने पिवळी पडत असून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, आपण इतके तपशील दिले आहेत की, खत, पाणी, माती आणि जात ही चारही कारणे आपल्याच माहितीवरून बाजूला पडतात. राहते ती फक्त जागा, आणि जागेच्या बाबतीत आपण दिवसाचे ऊन लिहिले आहे, रात्रीचे काहीच लिहिलेले नाही. पुढच्या कुंड्यांवर रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडतो का? पडत असेल, तर तो दिवा पूर्वीपासून आहे की नवा आहे?

धागाकर्ती

उत्तराबद्दल मनापासून आभार. हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. मे महिन्यात आमच्या फाटकासमोर नवा खांब उभा राहिला आणि त्यावर पांढरा प्रखर एलईडी दिवा बसवला आहे. पूर्वीचा खांब चार घरे सोडून पलीकडे होता. काल रात्री दहा वाजता व्हरांड्यातील दिवा मालवून कुंड्यांपाशी वर्तमानपत्र धरून पाहिले. मथळेच नव्हे, तर बातमीचा बारीक मजकूरही वाचता आला. मागच्या बाजूला मात्र हाताचा पंजादेखील नीट दिसत नाही.

प्रतिसाद १

मग कारण तेच आहे. शेवंती ही लहान दिवसांची वनस्पती आहे, आणि ती दिवस मोजत नसून रात्र मोजते, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. नागपुरात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो, तो डिसेंबरमध्ये १० तास ५० मिनिटांपर्यंत उतरतो. रात्र सलग आणि पुरेशी लांब झाली की शेवंतीचा शेंडा पाने धरणे थांबवून कळी धरतो. रात्रभर दिवा जळत असल्यास झाडाच्या लेखी जूनचे दिवस कधी संपतच नाहीत, म्हणून ते उंच वाढत राहते आणि पानात पान धरत राहते. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हा फरक ओळखते. दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला. पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणारे शेतकरी झाडाची उंची वाढेपर्यंत रात्री मुद्दाम दिवे लावतात आणि कळ्या हव्या झाल्या की ते बंद करतात. आपल्याकडे दिवा लागलेलाच राहिला, एवढाच फरक आहे. झेंडू याबाबतीत इतका काटेकोर नसतो, त्यामुळे तो त्याच जागी फुलला.

उपाय सोपा आहे. उचलता येतील त्या कुंड्या आजच मागे न्या. ज्या हलत नाहीत, त्यांवर संध्याकाळी सहा ते सकाळी सात-साडेसातपर्यंत जाड काळे कापड घाला. यात एकही रात्र चुकवू नका आणि मध्यरात्री कापड काढूही नका, कारण रात्रीच्या मधोमध थोडा वेळ पडलेला उजेडही मोठी रात्र तोडतो.

प्रतिसाद २

वरील निदानाशी सहमत आहे. फक्त एक पुस्ती जोडतो. कापडाऐवजी प्लॅस्टिक वापरू नये. आत दमटपणा साठून पानांवर भुरी येते. बांबूच्या चार काठ्या रोवून त्यांवर कापड टाकावे, म्हणजे ते शेंड्यांना टेकत नाही.

सांबाराचे कारण ऑक्टोबरची उष्णता हे आहे. जमीन तापलेली असताना धने नीट उगवत नाहीत. आता पुन्हा पेरा. धने लाटण्याने हलके रगडून प्रत्येकाचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि पेरल्यावर वाफा गोणपाटाने झाका. कोंब दिसताच गोणपाट काढा. एकाच वेळी सर्व न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी पेरले, तर थंडीभर पुरते.

संत्र्याच्या कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. आपल्या काळ्या जमिनीत चुना भरपूर असतो. त्यामुळे लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही, आणि पाणी साचत असेल तर ही तक्रार आणखी वाढते. विहिरीच्या ओट्याचे सांडपाणी बुंध्याकडे जाते का ते आधी पाहा, आणि जात असेल तर चर काढून ते दुसरीकडे वळवा. फळे उतरवून झाल्यावर एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि त्याच्या निम्मा चुना मिसळून, गाळून, संध्याकाळी पानांवर फवारा. डिसेंबरअखेरीस झाडाचे पाणी तोडावेच लागेल, कारण तो ताण बसल्याशिवाय पुढचा आंबिया बहार नीट फुटत नाही.

धागाकर्ती (चार आठवड्यांनंतर)

आपल्या दोघांचे ऋण मोठे आहे. पाच कुंड्या त्याच दिवशी मागे नेल्या. उरलेल्या तीन सिमेंटच्या असून दोन माणसांनाही हलल्या नाहीत. त्यांच्यासाठी सासूबाईंनी जुन्या काळ्या छत्र्यांची कापडे उसवून, दुहेरी करून, स्वतः बसून शिवली. रोज संध्याकाळी दिवा लागण्याआधी मी ती घालते आणि सकाळी चहाच्या आधी काढते. सव्विसाव्या दिवशी आठही झाडांच्या शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसल्या. सासूबाईंनी भिंग मागवून त्या एकेक करून पाहिल्या आणि मोजल्या. मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी मागच्या झाडांची फुले वाहिली. पुढची झाडे बहुधा जानेवारीच्या उत्तरार्धात फुलतील असा माझा अंदाज आहे. सांबाराचा दुसरा वाफा दाट उगवला आहे. ओट्याचे पाणी खरोखरच संत्र्याच्या बुंध्याशी मुरत होते, तेथे चर काढला आहे.

आता एकच विचारायचे आहे. कापड कधीपर्यंत घालावे? शिवाय २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि त्या आठवड्यात आमच्या वृंदावनातील तुळस काळी पडली होती. तशी थंडी पुन्हा पडली, तर शेवंतीच्या कळ्यांना काही अपाय होईल का?

प्रतिसाद १

कळ्यांमध्ये पाकळ्यांचा रंग स्पष्ट दिसेपर्यंत कापड घालत राहा. त्यानंतर दिव्याच्या उजेडाने कळी माघारी जात नाही. तशी थंडी पडलीच, तर कळ्या काही दिवस रेंगाळतील, पण मरणार नाहीत. तुळस मात्र शेवंतीपेक्षा पुष्कळ नाजूक आहे. थंडीच्या रात्री तेच काळे कापड तिच्यावर घाला आणि पाणी संध्याकाळी न देता सकाळी ऊन आल्यावर द्या. पुढच्या वर्षी शेवंतीचे छाटे मात्र सुरुवातीपासूनच मागच्या अंगणात ठेवा, आणि फुले उमलू लागली की कुंड्या पुढे व्हरांड्याजवळ आणा, म्हणजे आपल्या सासूबाईंना त्या बसल्या जागेवरून दिसतील.