कळंब रोड स्टेशन नेमकं कुठं? आजोबांच्या कार्डातला पत्ता शोधतेय

कळंबची नात

नमस्कार मंडळी. आजीच्या पेटीत एक पोस्टकार्ड सापडलं. १९५१ साली आजोबांनी तिला माहेरी, बार्शीला पाठवलेलं. त्यात लिहिलंय, "बार्शी लाईटने ये. कळंब रोडला उतर. बैलगाडी स्टेशनवर उभी असेल." माझी आई तेव्हा तीन महिन्यांची होती, म्हणजे तिचा पहिला प्रवास हाच.

मागच्या महिन्यात कळंबला गेले आणि स्टेशन विचारलं, तर रिक्षावाले म्हणाले की कळंबला रेल्वेच नाही. मग आजी उतरली कुठं? ते स्टेशन अजून आहे का? तेव्हा तिथं काय सोय असायची? आईला एकदा तिथं न्यायचंय.

बार्शीचा अरुण

ताई, कळंब रोड स्टेशन आहे, पण ते कसबे तडवळ्यात. येडशी आणि ढोकीच्या मधे. कळंब तिथून वीस-पंचवीस किलोमीटर. जुन्या काळी स्टेशनच्या नावात "रोड" असलं की समजायचं, गाडी इथं सोडणार आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. आमच्या बार्शीचंही तसंच होतं. कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. तिथून बार्शी गावापर्यंत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी रूळ (नॅरोगेज) टाकले आणि १८९७ साली गाडी सुरू झाली. तीच ही बार्शी लाईट रेल्वे. १९०७ ला लाईन तडवळ्यापर्यंत आली, १९११ ला लातूरला पोचली. म्हणजे चार वर्षं तडवळे हे शेवटचं स्टेशन होतं. पुढचं तडवळ्याच्या माणसानेच सांगावं.

तडवळेकर

ताई, तडवळ्याचा माणूस मीच. माझे वडील या लाईनवर चावीवाले होते.

तुमच्या आजी उतरल्या तिथं उंच फलाट नव्हता. नॅरोगेजचा फलाट म्हणजे रुळाच्या कडेला मुरूम टाकून सारखा केलेला पट्टा. डब्याच्या पायऱ्या उतरून खाली यायचं. लेकुरवाळी बाई असली की आधी लेकरू खालच्या कुणाच्या तरी हातात द्यायची, मग गाठोडं, मग स्वतः पदर खोचून उतरायची. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, कितीतरी लेकरं माझ्याही हातात दिलेली आहेत. तुमच्या आईलाही असंच कुणीतरी झेललं असणार.

सोयी विचारल्यात. एक खोली, तिच्यात मास्तर, तिकिटाची खिडकी, बाहेर एक बाक. तिकीट जाड पुठ्ठ्याचं, बोटाएवढं. मास्तर ते तारखेच्या यंत्रात सारायचे आणि खटकन आवाज यायचा. छपरीला रुळाचा तुकडा टांगलेला होता. मागच्या स्टेशनवरून गाडी सुटली की तो वाजवायचे. टोले ऐकून आई चुलीवरचा तवा उतरवायची आणि मी वडिलांची भाकरी घेऊन स्टेशनकडे पळायचो. प्यायला रांजण, रात्री कंदील. बाहेर लिंबाखाली बैलगाड्या सोडलेल्या असायच्या. कळंबकडचा माणूस संध्याकाळच्या गाडीने उतरला तर स्टेशनातच मुक्काम करायचा आणि पहाटे बैल जुंपायचा.

चावीवाला म्हणजे काय, हे आता पोरांना सांगावं लागतं. रूळ जागचा हलू नये म्हणून लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात, गाडीच्या हादऱ्याने त्या सैल होतात. वडील रोज खांद्यावर हातोडा नि पाना, काखेत झेंड्या घेऊन आपल्या हद्दीतून चालत जायचे आणि सैल झालेली चावी ठोकून बसवायचे. मला शेजारी बसवून ऐकवायचे. पक्की चावी टणकन वाजते, ढिली भद्द वाजते. दहा वर्षांचा असताना मी दोन रुळांवर दोन पाय ठेवून उभा राहू शकायचो, एवढीच रुंदी. पण त्याच गाडीने बार्शीचा आणि लातूरचा बाजार उभा राहिला. कापूस, शेंगा, डाळी, सगळा माल याच गाडीने जायचा. आषाढीला पंढरपूरची गर्दी एवढी, की टपावरही माणसं.

आजोबा तर त्याआधीचं सांगायचे. पांगरीपर्यंत इंग्रजी मुलूख. तिथून गाडी रामलिंगच्या डोंगरातून यायची आणि येडशी आली की मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. म्हणजे गाडी एकच, सरकारं दोन. माल या बाजूला आणायचा तर निजामाच्या करोडगिरीला जकात भरायची. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि हे सगळं मिटलं. तुमच्या आजी १९५१ ला आल्या तेव्हा रेल्वे मात्र अजून कंपनीचीच होती. सरकारने ती १ जानेवारी १९५४ ला घेतली.

आमच्या गावाला आणखी एक मोठेपण आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४१ च्या फेब्रुवारीत, २२ आणि २३ तारखेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी तडवळ्यात आले होते. गावात अजून तो दिवस साजरा होतो. आईला आणाल तेव्हा ती जागाही दाखवीन.

आता रुंद रूळ आहेत. लातूर ते उस्मानाबाद (आताचं धाराशिव) २००७ ला आणि पुढे कुर्डुवाडीपर्यंत २००८ ला ब्रॉडगेज झाली. जुनी लाईन उस्मानाबादला शिवतच नव्हती, तिथल्या लोकांना येडशीला यावं लागायचं. नव्या लाईनने त्यांना रेल्वे मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्याकडून मात्र एक्स्प्रेस शिट्टी मारत पुढे जाते. थांब्यासाठी गावाने अर्ज केले, मीही सह्या गोळा करत फिरलो. नाही मिळाला.

ज्याने आत तुटलं ती गोष्ट २०१६ ची. दुष्काळ होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी चाललं होतं. वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीचे डबे, आधी राजस्थानात कोट्याला धुऊन आणलेल्या. पहिली गाडी १० वाघिणींची, पाच लाख लिटरची. १२ एप्रिलच्या पहाटे ती आमच्या स्टेशनातून गेली. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या आल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, म्हणजे बार्शी लाईटची जुनी वाट टोकापासून टोकापर्यंत. त्या दिवसांत गावात टँकर होता. आमच्या घरच्या बाया घागरी घेऊन रांगेत बसलेल्या आणि समोरून पाण्याची आख्खी गाडी गेली. लातूरचे हाल जास्त होते, त्यांना पाणी मिळायलाच हवं होतं, यात दुमत नाही. पण एका वाघिणीखालून पाणी ठिबकत होतं. गाडी गेल्यावर मी रुळाशी गेलो. खडीवर ओल्या ठिपक्यांची रेघ ढोकीच्या बाजूला लांबवर गेली होती. मी बघेपर्यंत उन्हाने वाळली.

ढोकीहून

काकांनी सगळं सांगितलंच आहे. प्रवासाचं मी सांगतो. पुण्याहून लातूर एक्स्प्रेसने निघालात तर धाराशिवला उतरा, तिथून तडवळ्याला एसटी नाहीतर जीप. रेल्वेनेच स्टेशनवर उतरायचं असेल तर पंढरपूर-निजामाबाद किंवा मिरज-परळी अशा गाड्या बघाव्या लागतील. त्यांचा थांबा आणि दिवस निघायच्या आधी नीट तपासा. आई सोबत आहे म्हणून सांगतो, उन्हाळ्यात दुपारची वेळ टाळा, फलाटावर सावली नाही.

कळंबची नात

काका, आईला तुमचा मजकूर वाचून दाखवला. "लेकरू आधी कुणाच्या तरी हातात" इथं तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. दिवाळीनंतर येतो आम्ही, तुमच्याकडेच येतो.

कार्डाच्या कडेला आडवं लिहिलेलं एक वाक्य मला लागत नव्हतं, काल भिंगाने लागलं. "गाडीवान झोपला असेल तर मास्तरांना सांग, ते हाक मारतील."