घर गरिबीतून वर कशाने आलं? अनुभव सांगा

तुमचं घर नेमकं कशाने सावरलं ते लिहा. उपदेश नको, झालेलं सांगा. सुरुवात मी करते.

आई कोथरूडला कचरा वेचायची. भंगारवाला तोलेल ते वजन, देईल तो भाव. पोतं भरलेलं दिसलं की "कुठून उचललंस?" म्हणून अडवायचे. १९९३ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, पुढे आईला महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र मिळालं. ते ती पानाच्या चंचीत ठेवायची. कडेला चुन्याचे डाग अजून आहेत. कुणी हटकलं की आधी चंची सोडायची. नंतर 'स्वच्छ' सहकारी संस्थेतून दारोदार कचरा घेऊ लागली. घरटी पैसे ठरलेले, सुका माल विकायचा तो वेगळा. महिन्याला किती येणार हे कळल्यावर तिने पहिल्यांदा महिन्याचा किराणा एकदम भरला. तोवर गोडेतेल दहा रुपयांचं, वाटीत आणायचो. सुटं घेणाऱ्यालाच तेल महाग पडतं.

मार्केटयार्डहून
ताई, वाटीतलं तेल आमच्याकडेही होतं. वडील हमाल. १९६९च्या माथाडी कायद्यामुळे मजुरी मंडळामार्फत यायची, फंड कापून. माझ्या डिप्लोमाची फी त्या फंडातून गेली. गावी चुलत्यांनी तेवढीच पोती वाहिली, म्हातारपणी हातात काही नाही.

धायरीहून
मला बचत गटाने तारलं. सावकार महिन्याला शेकडा दहा घ्यायचा, गटात दोन. आठ हजार काढून पिको-फॉलचं मशीन घेतलं. एकदा नवऱ्याने हप्त्याचे पैसे मागितले, तर "गटाचे आहेत" असं म्हणता आलं. माझे असते तर गेलेच असते. पण गटात यायला महिन्याला शंभर रुपये सुटावे लागतात. शेजारणीचे तेही सुटेनात, ती बाहेरच राहिली. तिच्यासाठी काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

येरवड्याहून
आमचं उलट झालं. सावरलेलं घर वडिलांच्या एका ऑपरेशनात बसलं. मंगळसूत्र गहाण पडलं, बहिणीचं कॉलेज सुटलं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत असतात, हे तिथे कुणीच सांगितलं नाही. बिल भरून झाल्यावर कळलं. वैद्यकीय समाजसेवकाला भेटून अर्ज करायचा, रेशनकार्ड नाहीतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा. घरात कुणी आजारी नाही तोवरच दाखला काढून ठेवा. आम्ही तो आयसीयूच्या दाराशी बसून शोधत होतो.